सात पोरांची शाळा

डहाणूच्या कडेला, चिकूच्या वाड्यांमागं मंगीचा पाडा. तिथल्या सरकारी शाळेत सातच पोरं उरली, तेव्हा एवढ्यांसाठी खर्च परवडत नाही असं सांगून शाळेला कुलूप लागलं. पोरांनी रेल्वेच्या रुळांपलीकडच्या शाळेत जावं, असं ठरलं.

मंगीची शितल तेव्हा चौथीत होती. पंधरा दिवस मंगीनं तिला हाताला धरून रूळ ओलांडून पोचवलं, पण रोज उशीर झाल्यानं चिकूच्या वाडीतला मुकादम मंगीला कामावर घेईना. एकटीला पाठवायची तर छाती होत नव्हती. शेवटी दप्तर खुंटीला लागलं आणि शितल आईबरोबर वाडीत चिकू वेचायला येऊ लागली.

परवा दुपारी पालिकेचा माणूस घरपट्टीचं बिल देऊन गेला. मंगीला अक्षर येत नव्हतं. तिनं लेकीला हाक मारली.

"बाय, बघ गं, काय काय लिवलंय यात?"

शितलनं चिकूच्या चिकानं काळे झालेले हात फ्रॉकला पुसले. कागद मांडीवर पसरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत ती वाचू लागली. घरपट्टीच्या खालच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तेच दोन शब्द तिनं पुन्हा एकदा वाचले, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला.



"आये, सरकारनं लिवलंय, 'शिक्षण कर'! मग उद्यापासून जाऊ मी?"