पॉइंट

दुष्काळाचं साल. फुलंब्रीच्या कडूबाची मोसंबी वाळायला लागली होती आणि बोअरची गाडी उद्याच रानात यायची होती. पण जमिनीखालचं पाणी सांगणारा, आणि नाही लागलं तर 'अजून खोल जा' म्हणणारा गावचा पाणाड्या त्या साली असा भाव खात होता, की नवरदेवानं लाजावं. तेवढ्यात पेपरात मथळा झळकला, 'न दिसणारं आहेच! संभाजीनगरच्या प्राध्यापकांचं भाकीत'. कडूबानं मथळा वाचला, खालचं सगळं सोडलं आणि जीप करून थेट त्या प्राध्यापकांचं, श्रीरंगसरांचं दार वाजवलं.

"चला साहेब, बोअरचा पॉइंट दाखवा."

"अहो, मी पाण्याचं नाही, कणांचं भाकीत करतो," सर कळवळून म्हणाले. "जड क्वार्क पोटात असलेले अजब कण. गणित सांगतं, ते असणारच."

"मग घावले का?"

"शोधणं माझं काम नाही हो. त्यासाठी परदेशात जमिनीखाली भलं मोठं यंत्र बसवलंय."

"किती फुटावर?"

"असेल तीनशेएक फुटांवर."

कडूबाचे डोळे लकाकले. "आन् तिथं कायबी नाय लागलं तर?"

"म्हणून भाकीत चुकलं असं थोडंच होतं? आम्ही म्हणतो, यंत्र कमी पडलं, आणखी मोठं आणा."

कडूबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं सरांचा दंड धरला आणि त्यांना जीपकडं ओढलं.

 

"लई घाबरवलं राव तुम्ही! मला वाटलं, तुम्ही खरंच पाणाडे नाय."