फुंकर

"ही चौथी आया, मॅडम. आधीच्या घराच्या सगळ्या आठवणी पुसल्यात. अगदी नव्यासारखी आहे," दुकानदार म्हणाला.

शलाकाला सोमवारपासून कामावर रुजू व्हायचं होतं. पण आधीच्या तिन्ही यंत्रांच्या हातात लेकीला द्यायचा तिला धीर झाला नव्हता. आताही ओवीला तिने मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

यंत्राने मऊभाताचा चमचा उचलला. भात कोमट आहे, हे त्याच्या बोटांना आधीच कळलं होतं. तरीही ओवीला भरवण्याआधी त्याने चमचा स्वतःच्या गुळगुळीत चेहऱ्याजवळ नेला आणि ते क्षणभर थांबलं.

"हे काय करतंय?"

दुकानदार ओशाळला. "फुंकर घालतंय. आता श्वास कुठून आणणार ते! त्या घरातल्या आजींचं बघून उचललंय. कितीही पुसा, जात नाही. पण कारखान्यात पाठवून उद्यापर्यंत काढून देतो."

शलाकाला शेजारच्या कुमुदमावशी आठवल्या. लहानपणी आई ऑफिसला गेली की त्याच तिला भरवायच्या. त्यांच्या फुंकरीला बडीशेपेचा वास यायचा.

"काढू नका," ती म्हणाली आणि तिने ओवीला यंत्राच्या हातांत दिलं.