अर्धा भागिले पाव

"मॅडम, भाग दिला तर कमी होणार ना? हे तर ज्यादा झालं," रामभाऊ म्हणाले.

हशा पिकला. परदेशीपुऱ्यातल्या सरकारी शाळेत गणित-विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. शुभदा फळ्यापाशी उभी होती आणि बाकांवर चाळिशी-पन्नाशीतले वीस शिक्षक सातवीतली मुलं होऊन बसले होते. कोणी कसला विद्यार्थी व्हायचं हे सकाळी चिठ्ठ्या वाटून ठरलं होतं. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही, असा नियम.

पाठ पंधरा मिनिटांचा. तो नीट झाला तर शुभदाला मुख्य प्रशिक्षक म्हणून घेणार होते आणि तिची दूर अलीराजपूरला होणारी बदली टळणार होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कोणाच्या भरवशावर सोडून जायचं, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं.

तिने कागदाच्या पट्टीची घडी घातली. "ह्या अर्ध्यात पाव किती बसतात?"

"दोन."

"म्हणून उत्तर दोन."

"मग उलटून गुणायचं कशाला?"

"क्या भिया, काय अ‍ॅक्टिंग करून राहिले," मागून भूषण म्हणाला. रामभाऊ हसले नाहीत. ते मूळचे इतिहासाचे. शाळेत माणूस नाही म्हणून सहा वर्षांपूर्वी गणित त्यांच्या गळ्यात पडलं होतं. पण ढ मुलाचं काम फक्कड करत होते.

शुभदाने पुन्हा घडी घातली, मग तिसऱ्यांदा. पूर्ण पट्टीत पाव चार बसतात, म्हणून चारने गुणायचं. पट्टी अर्धीच आहे, म्हणून त्याचे निम्मे. रामभाऊ वहीत उतरवून घेत होते. घंटा झाली तेव्हा निम्मा पाठ शिल्लक होता.

"अपूर्ण," निरीक्षक मधुरिमाजींनी कागदावर लिहिलं.

शुभदाला आधी रडू आलं, मग संताप. "रामभाऊंनी मुद्दाम ओढलं, मॅडम. इतकं कोणी ओढतं का?"

मधुरिमाजी थांबल्या. "देखिए, चिठ्ठीत असेल तेवढंच करायचं होतं. त्यांनी चिठ्ठी सोडून काही केलं असेल तर लंचनंतर तुमचा पाठ परत घेऊ. चिठ्ठी आणून दाखवा."

रामभाऊ अजून बाकावरच होते. तीच पट्टी मिटत होते, उलगडत होते.

"चिठ्ठी द्या, रामभाऊ."

"फेकली वाटतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे भूषण अजून त्यांची नक्कल करून हसवत होता. "मॅडमना दाखवणं जरूरी आहे का?"

"माझ्या बदलीचा सवाल आहे."

त्यांनी पट्टी मिटून बाकावर ठेवली. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

"ही पट्टी मी ठेवून घेऊ का?" त्यांनी विचारलं.

शुभदाने चिठ्ठी उघडली.

'हुशार विद्यार्थी. सर्व उत्तरे लगेच व बरोबर द्यावीत.'