शेऱ्याचा रकाना

शैक्षणिक कर्जासाठी घर बघायला आलेल्या बँकेच्या अधिकाऱ्यानं फॉर्म सरळ केदारपुढे सरकवला. “मी नाही, बायको शिकणारे,” केदार मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला. अधिकाऱ्यानं मैथिलीकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या बाळाकडे. “एमटेक? मग याला कोण सांभाळणार?” “मी तेच म्हणते!” चहा ठेवताना सासूबाईंनी री ओढली. मैथिलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळासाठी सातच्या आत डोंबिवलीत परतता यावं म्हणून तिनं पुण्यात मिळालेलं चांगलं कॉलेज सोडून ठाण्याचं घेतलं होतं. “साहेब, समोरच्या मितेशला तुम्हीच कर्ज दिलंत. त्याची मुलगीही एवढीच आहे. त्याला विचारलेलंत?” “अहो मॅडम, शेऱ्यात काहीतरी लिहावं लागतं.” “मग लिहा, ‘बाळाचा बाप सांभाळेल.’” केदारचा अंगठा मोबाईलवर थबकला. “आणि मराठीत लिहा,” ती म्हणाली, “या घरात सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.”