सात आणि बेचाळीस

"हे उलटं आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी शेजारी ठेवले.

समोरच्या बाकावर तुळसा आणि तिचा नवरा गुणाजी बसले होते. मिरजेहून आलेले हे डॉक्टर साखरेच्या रोग्यांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजत होते. तुलनेसाठी त्याच घरातलं साखर नसलेलं एक माणूसही घेत होते. गुणाजीला साखर होती, तुळसाला नव्हती. डिसेंबरात शिबिरात दोघांनी रक्त दिलं, आणि आता फेब्रुवारीत निकाल आला होता.

"गुणाजींचे बेचाळीस आणि तुमचे सात," डॉक्टर तुळसाला म्हणाले. "सात म्हणजे जवळजवळ काहीच नाही. हे उन्हातून मिळतं. बेचाळीस निघतात ते रोज उघड्या अंगाने उन्हात राबणाऱ्याचे. तुम्ही काय करता?"

"मासे विकते. कट्ट्याच्या बाजारात."

"सावलीत बसता?"

"नाही. उघड्यावरच."

"आणि हे?"

"घरात पडून असतात. पायामुळे."

गेल्या शिमग्याच्या सुमारास गुणाजीच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली होती. जखम भरत यायची आणि पुन्हा ओली व्हायची. वाळू नि खारं पाणी लागू द्यायचं नाही, आता चिघळलं तर पाऊलच काढावं लागेल, असं तेव्हाच बजावलं होतं. होडी विकली ती त्यासाठीच. तुळसाचा सगळा जीव त्या पावलात अडकला होता. पट्टी मात्र हल्ली गुणाजी स्वतःच बदलायचा. दिवसभर माशांत हात घालून दमलेल्या बायकोला आणखी हे काम नको, म्हणायचा. तिला त्याचं फार बरं वाटायचं.

खरं तर कट्ट्याच्या बाजारात ती वर्षभर फिरकलीही नव्हती. होडी गेल्यावर विकायला मासे आणायचे कुठून? ती हरिश्चंद्र मालकाच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जात होती. त्याच हरिश्चंद्राच्या ट्रॉलरने गुणाजीची जाळी दोनदा फाडली होती. आपल्या घरातलं कोणी त्याच्या दारात गेलं तर आपण अन्न सोडू, असं गुणाजी चारचौघांत बोलून बसला होता, आणि बोललेलं करणारा माणूस होता तो. शेडला खिडकी नाही, वर पत्रा, पायाखाली बर्फाचं पाणी. काळोखात निघायचं, काळोखात परतायचं. अंगाला येणारा वास दोन्हीकडे सारखाच, एवढीच काय ती सोय. कंबर आणि मांड्या इतक्या ठणकायच्या की भिंत धरल्याशिवाय उठता येत नसे. बर्फामुळे असेल, असं ती धरून चालली होती.

आणि आज हा एवढासा कागद तिचं बिंग फोडायला बसला होता. नवऱ्याकडे बघायची तिची छाती होईना.

"बाटल्या बदलल्या असतील, डॉक्टर," गुणाजी म्हणाला. "त्या दिवशी गर्दी किती होती."

तुळसाला सुटल्यासारखं झालं. "हो हो, फार गर्दी होती," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नर्सला बोलावलं. ग्लिनिस वर्षभरापूर्वीच नोकरीला लागलेली, कामात चोख मुलगी.

"सर, चिठ्ठ्या मी स्वतः लावल्या. नावं विचारून लावल्या," ती म्हणाली.

"तरी चूक झालीय. हे दोघंही सांगताहेत."

ग्लिनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. तुळसाला स्वतःची लाज वाटली.

"पुढच्या महिन्यात दोघांचं रक्त परत घेऊ," डॉक्टर म्हणाले. "सात यांचेच असणार. तोवर या पुड्या घ्या, गुणाजी. आठवड्याला एक, दुधातून." मग त्यांनी पायाची पट्टी सोडून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "वर्ष होत आलं. अजून भरत कशी नाही ही? घरातच असता ना?"

"घरातच," गुणाजी म्हणाला.

परतीच्या एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. तुळसाने डोळे मिटून घेतले. आजचं निभावलं होतं. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू, एवढाच विचार करायचं त्राण तिच्यात उरलं होतं.

कट्टा गाव मागे पडल्यावर गुणाजीने खिशातल्या पुड्या काढून तिच्या पिशवीत टाकल्या.

"ह्यो तू घे. दर आयतवारी एक."

"डॉक्टरान तुमका दिल्यान," ती म्हणाली. "माका कित्याक?"

"माका गरज नाय. तुका आसा."

"बाटल्यो बदलल्यो म्हणान तुमीच सांगितलास मां?"

"सांगितलंय," गुणाजी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तुळसा पिशवीत पडलेल्या पुड्यांकडे बघत बसली. आपले सात खरे आहेत, हे तिला ठाऊक होतं. तिच्याशिवाय ते आणखी एकाच माणसाला ठाऊक असू शकत होतं. ज्याचे बेचाळीसही खरे होते, त्याला.