हुबेहूब केशरी
जुन्या व्हिडिओ गेमची लाकडी मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. मशीनच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तुटली, की तो नवी पांढरी पट्टी गरम रंगाच्या पातेल्यात सोडायचा. रंग कालवायची तीच, आणि जुना तुकडा हातात धरून पातेल्यावर नजर ठेवायचीही तीच. ती “अहो, काढा” म्हणाली, की तो काढायचा. तीस वर्षांत एकही पट्टी परत आली नाही. ती वारल्यानंतरच्या पहिल्याच कामात त्यानं अंदाजानं रंग कालवले. मशीन न्यायला आलेली बाई चपापली. “काका, मूळची पट्टी केशरी होती. ही तर शेवाळी झालीय!” त्याला जुना तुकडा आणि नवी पट्टी दोन्ही सारखेच दिसत होते. थाप मारायचं त्राण उरलं नव्हतं. “मला रंग कळत नाहीत, ताई. बायको बघायची.” बाईनं पर्स खुंटीला अडकवून बाह्या सरसावल्या. “आणा त्या रंगाच्या बाटल्या. मी बघते.” तिनं रंग कालवला, त्यानं नवी पट्टी सोडली. थोड्या वेळानं ती म्हणाली, “काढा काका. अगदी हुबेहूब!” त्यानं पट्टी पुसली, मशीनच्या कडेला ठोकून बसवली. बाई खूश होऊन मशीन घेऊन गेली. दार लावून तो स्टुलावर बसला आणि हमसून हमसून रडला. बायकोवाचून काम अडलं नाही, हेच त्याला सोसवत नव्हतं.