बिनघडीची नोट

नाशिक रोडला राहायला आल्यापासून मी जुन्या नोटा जमवत होतो. लेकीच्या, निकिताच्या लग्नाला विकायच्या, असं ठरवलं होतं. अठ्ठ्याण्णव साली ती सात वर्षांची होती.

एकदा तिने अल्बममधली दोनची नोट काढली, चार घड्या घालून मुठीत धरली आणि बर्फाचा गोळा आणायला निघाली. मी चापट मारली. "घडी पडली की किंमत जाते नोटेची!"

"परत नाही घालणार, पप्पा."

त्याच वर्षी ती तापाने गेली.

तेराव्यानंतर कुलूपबंद कपाटातल्या अल्बममध्ये एक नोट चार घड्या घातलेली सापडली. मग रोज एक. घड्या मुठीतल्या घामाने ओलसर असायच्या. मी त्या पुस्तकाखाली दाबून सरळ करायला लागलो की बायको, साधना, माझा हात धरायची. "अहो, खेळू द्या ना तिला."

काल सगळ्यात महागडी नोट घडी घातलेली दिसली. मी रिकाम्या खोलीत ओरडलो, "निकी, पुरे आता!"

आज सगळ्या नोटा सपाट आहेत. जिच्यावरून चापट मारली होती तीसुद्धा, कोरी करकरीत.

मघाशी मी तीच नोट घेतली, चार घड्या घातल्या, नखाने दाबल्या आणि टेबलावर ठेवली.

नोट आपोआप उलगडली. मग या कडेपासून त्या कडेपर्यंत कागद दबत गेला, लहानशा हाताचा तळवा फिरावा तसा.

"राहू दे गं," मी म्हणालो. "पप्पा नाही रागावणार."

तळवा घाबऱ्या घाबऱ्या फिरतच राहिला.